गोराईत, लगामाशिवाय

रविवारी सकाळी आठला बोरिवलीच्या गोराई जेट्टीवर तीन प्रकारची माणसं दिसतात. बाजार आटपून घरी परतणारे गोराईकर, पॅगोडा बघायला निघालेली सहकुटुंब मंडळी आणि अलिबागचा बेत ऐन वेळी फिसकटलेली जोडपी. गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी तिथे चौथा प्रकार हजर होता, तो म्हणजे मी. पायात गमबूट, पाठीला सॅक आणि पोटात गोळा. अकरा वाजता मला चाळीसेक माणसांसमोर एका घोडीबरोबर ‘परफॉर्म’ करायचं होतं!

ऑफिसात हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, “म्हणजे तू घोड्यावर बसणार?” नाही हो, बसायचंच नव्हतं. लगाम नाही, खोगीर नाही, चाबूक नाही, साधी दोरीसुद्धा नाही. एका रिंगणात घोडीबरोबर उभं राहायचं आणि ती आपणहून माझ्यामागे चालत येते का, ते लोकांना दाखवायचं. “मग त्यात काय एवढं?” हा दुसरा प्रश्न. ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी आधी घरच्या मांजरीबरोबर हे करून बघावं. तेही पाहुण्यांसमोर.

लाँचमध्ये माणसांबरोबर मोटरसायकलीही चढतात. खाडी ओलांडायला काही मिनिटं लागतात, पण तेवढ्यात शहर चक्क संपतं. मागे टॉवर, दोन्हीकडे तिवरं आणि चिखलात उभे असलेले बगळे. मी लहान होते तेव्हा इथे नाकाला रुमाल लावूनच बसावं लागायचं, कारण खाडीला लागून बोरिवलीच्या बाजूला डम्पिंग ग्राउंड होतं. ते २००७ मध्ये बंद झालं. आमच्या पिढीसाठी गोराई म्हणजे एस्सेलवर्ल्ड. १९८९ मध्ये सुरू झालेलं ते पार्क २०२२ मध्ये बंद झालं. आता त्या बाजूला लक्ष वेधून घेतो तो विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट. २००९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आत आठ हजार माणसं एकत्र बसू शकतात आणि मधे एकही खांब नाही. एका टोकाला किंचाळायची जागा होती, शेजारीच गप्प बसायची झाली. गोराईचं हे असंच आहे.

गावात शिरलं की मात्र सगळं जुनं भेटतं. कौलारू घरं, नाक्यानाक्यावरचे कुरूस, अंगणात सुकत घातलेली मासळी, भाजीचे मळे. पलीकडे सुरूची झाडं आणि मग समुद्र. आमचं रिंगण होतं बीचच्या अलीकडच्या एका वाडीत. बांबूचं कुंपण घातलेलं, साधारण पन्नास-साठ फूट व्यासाचं. आणि आत राणी.

राणी कुमैत आहे. कपाळावर पांढरी चांदणी. उजव्या मागच्या पायाच्या वर हाताच्या तळव्याएवढा केस नसलेला डाग आहे. फटाका. तिचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, संध्याकाळी बीचवर पोरांना फेऱ्या मारून आणतात आणि लग्नसराईत राणीला वरातीला नेतात. म्हणजे न्यायचे. आदल्या वर्षी एका वरातीत हजारी माळ अगदी पायाशी फुटली आणि राणी उधळली. नवरदेव वाचला, राणीचा पाय भाजला. त्यानंतर ती ढोल वाजला तरी थरथरायची. वरातीची घोडी म्हणून तिचं करिअर तिथे थांबलं होतं, आणि काकांची अर्धी कमाई त्याबरोबर.

आता त्यात मी कुठून आले? आमच्या ट्रेनर ताई बाहेरून ‘नॅचरल हॉर्समनशिप’ शिकून आल्या आहेत. दर वीकेण्डला त्या काकांच्या घोड्यांबरोबर काम करतात आणि आमच्यासारख्या डेस्कवर बसून पाठीचा कणा वाकवलेल्यांना शिकवतात. त्यांचा प्लॅन सरळ होता. लोकांना बोलवायचं, डेमो दाखवायचा. क्लासला पुरेसे विद्यार्थी मिळाले, तर राणी शिकवायची घोडी होईल आणि तिला वरातीत परत जावं लागणार नाही. डेमो ताईंनी स्वतः का नाही करायचा? “मी केलं तर लोक म्हणतील ही एक्स्पर्ट आहे. तू केलंस तर म्हणतील, आपल्यालाही जमेल.” कॉम्प्लिमेंट होती की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

हा फंडा तसा नवा नाही. ग्रीक लेखक झेनोफननं सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की घोड्याशी रागाच्या भरात वागू नये. अमेरिकेत टॉम डोरन्स आणि रे हंट या गुराखी-शेतकरी मंडळींनी विसाव्या शतकात याला आजचं रूप दिलं. कॅलिफोर्नियाच्या माँटी रॉबर्ट्सला १९८९ मध्ये इंग्लंडच्या राणीनं विंडसरला बोलावलं आणि तिच्यासमोर त्यानं डेमो दिला. मग १९९८ मध्ये रॉबर्ट रेडफर्डचा ‘द हॉर्स व्हिस्परर’ आला आणि जगभरच्या शहरी माणसांना वाटायला लागलं की आपणही घोड्याच्या कानात कुजबुजू शकतो.

कुजबुज वगैरे काही नसते, हे पहिल्याच दिवशी कळतं. घोडा हा शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त कपाळासमोरचा थोडा भाग आणि बरोब्बर मागचा भाग सोडून. धोका वाटला की आधी पळायचं, विचार नंतर. तुम्ही छाती पुढे काढून, डोळ्यांत डोळे घालून सरळ चालत गेलात, तर त्याच्या हिशेबी तुम्ही वाघ. खांदे सैल सोडून, नजर खाली ठेवून, तिरके गेलात तर बहुतेक नाही. या पद्धतीत तुम्ही आधी शरीरानं थोडा दाब देता. घोड्यानं ऐकलं की त्या क्षणी दाब काढून घेता. घोडा शिकतो तो दाबामुळे नाही, दाब सुटल्यामुळे. (आमच्या बॉसला हे कोणीतरी फॉरवर्ड करा.)

रिंगणातला क्रम असा. घोड्याला कडेकडेनं फिरू द्यायचं. थोड्या वेळानं त्याचा आतल्या बाजूचा कान तुमच्याकडे वळतो. मग तो मान खाली घालतो, जीभ फिरवतो, काही नसताना चघळतो. रॉबर्ट्स म्हणतो, ही मैत्रीची खूण. काही संशोधक म्हणतात, ताण उतरत असल्याची. मग तुम्ही पाठ फिरवायची, आणि थांबायचं. बस्स. घोडा मागून येऊन खांद्याशी उभा राहतो. निदान व्हिडिओत तरी राहतो.

अकरा वाजले. प्लास्टिकच्या खुर्च्या भरल्या. कांदिवलीचे आयटीवाले, दोन निवृत्त गृहस्थ, आईबापांनी ओढून आणलेली मुलं, आणि कुंपणापलीकडे काका. मी रिंगणात गेले. आदल्या शनिवारी हेच राणीनं सात मिनिटांत केलं होतं. पहिला फेरा छान झाला. दुसरा झाला. कान वळला. मी पाठ फिरवली आणि नेमका मागच्या खिशातला मोबाइल थरथरला.

रविवारी सकाळी सव्वाअकराला मला कोण फोन करतं हे तुम्हाला सांगायला नको. मी हललेसुद्धा नव्हते. पण राणी माझ्याकडून निघाली ती थेट कुंपणाला, काकांसमोर जाऊन उभी. लोक हसले. एक पोरगा मोठ्यानं म्हणाला, “बाबा, घोडीला ती आवडली नाही.”

पुन्हा केलं. पुन्हा तेच. राणी फिरायची, माझ्याकडे बघायची आणि जाऊन काकांसमोर उभी राहायची. मला घाम फुटला होता.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात, ज्या मला तेव्हा आठवल्या नाहीत. एक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा, खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं शोधून काढलं की हान्सला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा जवळ आला की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं, शरीर नकळत किंचित हलायचं, आणि हान्स ते टिपायचा. दोन. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला स्वीडनमधला एक प्रयोग. माणसांना घोडा घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं होतं, आणि शेवटच्या फेरीला सांगितलं गेलं की आता एकजण वाटेत छत्री उघडणार. छत्री कोणी उघडलीच नाही. तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही. खिशातला फोन म्हणजे माझी न उघडलेली छत्री होती.

ताई बाहेरून हळूच म्हणाल्या, “फोन दे इकडे. आणि श्वास सोड.” मी फोन कुंपणावरून दिला. श्वास सोडला. खरं सांगायचं तर मी तेव्हा हार मानली होती. डेमो फसला, क्लास बुडाला, राणी वरातीत जाणार, असंच डोक्यात चाललं होतं. मी रिंगणाच्या मधोमध पाठ करून उभी राहिले, कारण दुसरं काही सुचतच नव्हतं. समोर सुरूची झाडं होती, त्यांच्यामागे लाटांचा आवाज.

किती वेळ गेला माहीत नाही. मागे वाळूत पावलं वाजली. मग थांबली. मी मान थोडी वळवून पाहिलं. राणी माझ्यापासून तीन पावलांवर उभी होती, मान खाली, चघळत. खांद्याशी नाही. तीन पावलांवर. मला एक पाऊल मागे जायचा मोह झाला, म्हणजे अंतर कमी झालं असतं आणि फोटोही मस्त आला असता. ताईंनी मान हलवून नाही सांगितलं. “तिथे थांबायचं हे तिनं ठरवलंय. तेवढंच घे. संपव.”

टाळ्या पडल्या, पण अशा, जणू लोकांना कळत नव्हतं की शो संपलाय का. प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांनी विचारलं, “म्हणजे ती पूर्ण आलीच नाही ना?” नाही आली. ताईंनी त्यांना एक गंमत सांगितली. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसाच्या जागी रिमोट कंट्रोलची खेळण्यातली गाडी वापरली, तर घोडे तिच्याही मागे यायला शिकले, हे २०१२ मध्ये जाहीर झालं. म्हणजे घोडा मागे येतो तो प्रेमानंच येतो असं नाही. त्याला पिटाळणं थांबतं म्हणूनही येतो. “त्यामुळे खांद्याशी येऊन उभ्या राहिलेल्या घोड्यापेक्षा मला तीन पावलांवर थांबलेली घोडी जास्त खरी वाटते,” त्या म्हणाल्या. क्लासची जाहिरात करायला बोलावलेल्या लोकांना कोणी असं सांगतं का? पण सांगितलं खरं.

मुंबईकरांनी घोडा बघितलेला असतो तो कुठे? वरातीत, माथेरानला, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, आणि पूर्वी मरीन ड्राइव्हच्या व्हिक्टोरियात. व्हिक्टोरिया हायकोर्टानं जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. या सगळ्यात घोड्याला कोणी विचारत नाही. मला बिनस्वाराचा घोडा एकाच ठिकाणी आठवतो, तो वारीत. माउलींचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात. रिंगणात माउलींचा अश्व पाठीवर कोणी नसताना लाखो माणसांमधून धावतो आणि लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. माझी आजी ती माती पुडीत बांधून घरी आणायची. तिला नॅचरल हॉर्समनशिप सांगितलं असतं तर म्हणाली असती, यात नवीन काय?

दुपारी सगळे गेल्यावर आम्ही राणीला पाणी दाखवलं. काका तिच्या आयाळीतलं गवत काढत होते. मी म्हटलं, “काका, सॉरी. माझ्यामुळे फसलं.”

“कुठं फसलं?” ते म्हणाले. “ताई, मी तिला नऊ वर्षं सांभाळतोय. मी कुठंही उभा असलो तरी ती माझ्याकडं येते, कारण खायला मीच घालतो. आज मी समोर उभा होतो तरी ती तुमच्याकडं चालत आली. थोडी का होईना.” मग जरा थांबून, “वरातीत तिला कोणी विचारलं होतं का, यायचंय का म्हणून?”

त्या दिवशी क्लासला सहा जणांनी नावं दिली. ताईंना दहा हवी होती. त्या हिशेब करत असताना काकांचा फोन वाजला. बॅन्डवाल्याचा होता, फेब्रुवारीतल्या भाईंदरच्या एका लग्नासाठी. काकांनी स्क्रीनकडे बघितलं, फोन वाजू दिला आणि राणीची मोरकी काढून खुंटीला अडकवली.

जायचं असेल तर बोरिवली स्टेशनच्या पश्चिमेकडून रिक्षा किंवा बसनं गोराई जेट्टी गाठा, तिथून लाँच. गाडी घेऊनच जायचं असेल तर भाईंदर-उत्तनमार्गे रस्ता आहे, जरा लांबचा. मालाडच्या मार्वेहून मनोरीला लाँचनं उतरूनही येता येतं. दुपारचं ऊन टाळा, घोड्यांसाठीही. पाण्यात फार आत जाऊ नका, भरती-ओहोटीची वेळ बघून जा. बीचवर घोड्याची फेरी घ्यायचीच असेल तर आधी घोड्याच्या पाठीकडे आणि खुरांकडे बघा. जखम दिसली तर पैसे देऊन, फेरी न घेता परत या. आणि फोन सायलेंटवर नाही, स्विच ऑफ करा.