गावकरी खोलीची नोंद

खोली. मुंबईत लालबाग, काळाचौकी, डिलाइल रोड, वरळी इथल्या चाळींत आजरा, चंदगड, भुदरगडाकडच्या कितीतरी गावांच्या खोल्या होत्या. पावती एका माणसाच्या नावावर, पण खोली गावाची. कुणी तिला गावकरी खोली म्हणे, कुणी बैठकीची. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, आणि तिच्यात तीस-तीस माणसं राहत. ते जमायचं गिरणीच्या पाळ्यांमुळे. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. एक जथा साच्यावर, एक झोपलेला, एक गॅलरीत विड्या ओढत.

वळकटी. पथारीपुरती जागा, तीही पाळीनं. वळकटी गुंडाळून ठेवली की ती जागा पुढच्याची.

ट्रंक. फळीवर ओळीनं रचलेल्या ट्रंकांना कुलपं असत. खोलीला कुलूप लागायची वेळ क्वचितच यायची, कारण चोवीस तासांत कुणी ना कुणी आत असायचंच.

खाणावळ. खोलीत राहणाऱ्यांची बायकापोरं गावाकडे. जेवण चाळीतल्याच एखाद्या मावशीकडे, पगाराच्या बोलीवर. चार दिवस ताट मागायला कुणी आलं नाही तर आधी तिला कळे, आणि ती निरोप धाडी. या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं, सावकाराचा फास सुटावा म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि खाणावळीची उधारी थकत गेली. पैसा येणार नाही हे दिसत असूनही कित्येकींनी ताटं वाढली. संपाच्या इतिहासात युनियन आहे, सरकार आहे, गिरणीमालक आहेत. या बायकांना त्यात मोठी जागा हवी होती.

मनीऑर्डरचा फॉर्म. खाली मजकुरापुरती दोन बोटं जागा. सगळे खुशाल, बैलाला बघा, पुढच्या महिन्यात येतो. लिहिता न येणाऱ्यासाठी खोलीतला एखादा सातवी पास लिहून देई, त्यामुळे कुणाच्या घरी काय चाललंय हे खोलीला ठाऊक असे. ज्यांना असा सोबती नव्हता ते बोरीबंदरच्या मोठ्या पोस्टासमोर बसणाऱ्या पत्रलेखकांकडे जात. आता पैसा फोनवरून क्षणात पोचतो. ते चांगलंच झालं.

गावाला निघालेला माणूस. एसटीच्या आदल्या संध्याकाळी त्याच्यापाशी पिशव्या जमत: लुगडं, औषधाची बाटली, पोरीचे कानातले. परत येताना तांदूळ, नाचणी, तिखट. कुणाचं काय कुणाला द्यायचं ते तो तोंडपाठ ठेवी.

ओळख. याच्यावर थोडं थांबायला हवं. नवा पोरगा यायचा तो गावच्या एखाद्याचं नाव घेऊन. पथारी मिळे, पहिल्या पगारापर्यंतचं जेवण मिळे, आणि खात्यात माणसं लावणाऱ्या जॉबरपाशी शब्द टाकला जाई. तो शब्द म्हणजे जामीन. पोरगा पळाला, उसने बुडवले, तर शब्द टाकणाऱ्याची मान खाली जाई, म्हणून जो तो सांभाळून असे. कुणी वारलं तर वर्गणी काढून मढं गावाला पोचवलं जाई किंवा इथंच चार खांदे उभे राहत. पण ही ओळख गावकुसासकट मुंबईत आली होती. गावात जे वेगळे राहत त्यांच्या खोल्या इथंही वेगळ्या असत. बाईला तर या खोलीत पथारीच नव्हती. हे सोडून या खोलीचे गोडवे गाणं मला पटत नाही.

भजनाचे टाळ. शनिवारची रात्र, खोलीतच मांड. कोकणच्या मंडळींचं नमन, शक्ती-तुरा परळच्या दामोदर नाट्यगृहात होई. १९२२ सालचं ते नाट्यगृह २०२३मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं.

कूड. गोव्याच्या खलाशांनी, आचाऱ्यांनी धोबीतलावाकडे हेच केलं. एकेका गावाचा क्लब, कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी रोझरी, भिंतीला लागून पेट्या. जहाज लागेपर्यंत दर्यावर्दी तिथं थांबे. जेर महालात अजून काही कूड आहेत.

भाडेपावती. सगळं येऊन थांबतं ते इथं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्याच्या नावावर पावती फाडली तो केव्हाच गेला. भाडं गावानं भरलं, चुना गावानं काढला. आता चाळीच्या जागी टॉवर उभे राहतायत, बीडीडीच्या १६० फुटांचे ५०० चौरस फूट होतायत, आणि कागद पावतीवरचं नाव विचारतो. काही वारसांनी गावाचा शब्द पाळला. काहींनी नाही, आणि त्यांच्याकडे बोट दाखवणंही सोपं नाही, कारण मुंबईतलं घर म्हणजे त्यांच्याही पोरांचं आयुष्य आहे.

वही. खोलीच्या कारभाऱ्यानं ठेवलेली. कोण केव्हा आला, कुणी किती भरलं, संपाच्या महिन्यांत कुणाचं भाडं बाकी राहिलं, शाळेच्या खोलीला, देवळाच्या कळसाला किती धाडले. वारसाशी बोलताना गावाच्या हातात हाच एक पुरावा. अशा वह्या अजून असतील, गावाकडच्या माळ्यावर, उंदरांच्या तडाख्यात. ज्यांच्या घरात असतील त्यांनी त्या आधी खाली काढाव्यात, आणि पानांचे फोटो काढून ठेवावेत. लिहिणारे आता थोडे उरलेत. कुठलं नाव कुणाचं, हे त्यांना याच वर्षी विचारून घ्यावं.