दात की हनुवटी?

पिशोरहून एसटीने संभाजीनगरला, घाटी रुग्णालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात लेकीला घेऊन आलेली आई बहुधा एवढंच विचारते, ‘तार लावली की दात आत जातील ना?’ जातील. पण जाणता दंततज्ज्ञ लगेच तोंड उघडायला सांगत नाही. तो मुलीला ताठ बसवून चेहरा बाजूने बघतो. पुष्कळदा वरचे दात जागेवरच असतात, मागे राहिलेली असते हनुवटी. अशा वेळी नुसते दात आत ओढले, तर वरचा ओठ बसका दिसायला लागतो.

मग तो ओठ मिटायला सांगतो. ओठ सहज मिटतात की ताणून? ताणावे लागले तर हनुवटीच्या कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे उमटतात.

वरच्या-खालच्या पटाशीच्या दातांत 2 ते 3 मिलीमीटर आडवं अंतर असतंच. ते 6च्या पुढे गेलं, की पडल्या-आपटल्यावर वरचा दात तुटायचा धोका बराच वाढतो. शाळकरी वयात उपचार सुरू करण्याचं हे भक्कम कारण आहे. ‘लग्नाच्या वेळी बघू’ म्हणणाऱ्या घरात मात्र तेच वय निघून जातं.

अंगठा चोखणं, तोंडाने श्वास घेणं, गिळताना जीभ दातांवर रेटणं यांचा बंदोबस्त आधी. वाढीचं वय असेल तर ट्विन ब्लॉक. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी 1977 मध्ये तयार केलेल्या या दोन प्लेटा खालचा जबडा पुढे धरून ठेवतात. त्याने हनुवटी भराभर वाढते असं सांगू नये. बरंचसं काम दातांच्या सरकण्याने होतं. वाढ संपल्यावर तार, आणि जागाच नसेल तर सुळ्यामागची एकेक उपदाढ काढणं. जबड्यातलाच फरक मोठा असेल तर शस्त्रक्रिया.

अंतर 4 मिलीमीटर आहे, ओठ नीट मिटतात, मुलीला स्वतःला काही खटकत नाही? मग काहीच करू नये, आणि डॉक्टरने तसं स्पष्ट सांगावं.

तारेला साधारण दीड-दोन वर्षं लागतात. दर महिन्याची फेरी म्हणजे आईची एक मजुरी बुडते. तार निघाल्यावरही हिरडीतले तंतू दातांना जुन्या जागी ओढत राहतात, म्हणून रात्री रिटेनर लावावा लागतो, तोही वर्षानुवर्षं. हे तार काढायच्या दिवशी कळणं त्या आईवर अन्याय आहे. ते पहिल्याच भेटीत, खर्चाचा आकडा सांगण्याआधी सांगायला हवं.