विश्का नदीकाठचा नंबर वन

पिवळी स्मायली, डोळ्यांच्या जागी फुल्या आणि बाहेर लोंबणारी जीभ. पुण्याच्या एफसी रोडपासून मुंबईच्या फॅशन स्ट्रीटपर्यंत हा काळा टी-शर्ट तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. कदाचित तुमच्या कपाटातही असेल. तो घालणाऱ्यांपैकी निम्म्यांनी 'निर्वाणा'चं एकही गाणं ऐकलेलं नसतं, पण ते जाऊ दे. बॅण्डचं नाव आपल्याकडचं, कपडे साऱ्या जगाचे. पण ही पोरं मूळची कुठली, हे विचारलं तर बहुतेक जण सांगतात, सिअ‍ॅटल. चूक! उत्तर आहे अ‍ॅबरडीन. वॉशिंग्टन राज्यातलं जेमतेम १७ हजार वस्तीचं, लाकडाच्या वखारींवर जगलेलं एक ओलंचिंब गाव.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मी बेलव्ह्यूला मावसभावाकडे गेले होते. सिअ‍ॅटल, बेलव्ह्यू, रेडमंड हा सगळा सॉफ्टवेअरवाल्यांचा पट्टा. इथे मराठी इतकं कानावर पडतं की आपण बाणेर-बालेवाडीतच आहोत असं वाटावं. पाहुण्यांसाठी इथला ठरलेला प्रोग्रॅम असतो: स्पेस नीडल, पाइक प्लेस मार्केट, बोइंगचा कारखाना. मी अ‍ॅबरडीन म्हटल्यावर दादा उडालाच.

"अगं, तिथे बघायला काय आहे?"

"तेच बघायचंय."

वहिनीने थर्मासमध्ये चहा भरून दिला आणि आम्ही निघालो.

रस्ता आणि पाऊस

अंतर साधारण १७५ किलोमीटर. ऑलिंपियापर्यंत आय-५ चा हायवे, मग पश्चिमेला वळायचं. ट्रॅफिक मागे पडतं आणि दोन्ही बाजूंना डग्लस फरची झाडं सुरू होतात. एल्मा गावाजवळ झाडांच्या वर अचानक दोन अवाढव्य कूलिंग टॉवर्स दिसतात. हा सॅटसॉपचा अणुवीज प्रकल्प. त्याचं काम १९८३ मध्ये थांबलं ते कायमचं. वीज कधी बनलीच नाही, टॉवर्स मात्र उभे राहिले. पुढे काय मूड असणार आहे, याचा हा ट्रेलर समजा.

अ‍ॅबरडीनच्या अलीकडे १५-२० किलोमीटरवर माँटेसॅनो लागतं. कर्ट कोबेनचे आईवडील वेगळे झाले, त्यानंतर तो काही काळ वडिलांबरोबर इथे राहिला. इथल्याच एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये १९८३ च्या उन्हाळ्यात 'मेल्विन्स' नावाच्या लोकल बॅण्डने फुकटात कार्यक्रम केला. १६ वर्षांचा कर्ट तिथे उभा होता. आपल्याला हेच करायचंय, हे त्याला त्या पार्किंगमध्ये कळलं.

पावसाचं म्हणाल तर अ‍ॅबरडीनला वर्षाला ८० इंचांच्या वर पाऊस पडतो. म्हणजे जवळपास मुंबईइतकाच. फरक एवढाच की मुंबईचा पाऊस चार महिन्यांत धडाधड कोसळून मोकळा होतो. इथला ऑक्टोबर ते मे असा रिपरिप, रिपरिप पडत राहतो. ना विजा, ना गडगडाट, ना कांदाभजी. अशा गावात गॅरेजमध्ये बसून गिटार बडवण्याशिवाय टीनएजर दुसरं काय करणार?

'कम अ‍ॅज यू आर'

गावात शिरताना स्वागताचा बोर्ड लागतो. 'वेलकम टू अ‍ॅबरडीन' आणि खाली 'कम अ‍ॅज यू आर'. म्हणजे निर्वाणाच्याच एका गाण्याचं नाव. तसेच या, जसे आहात तसे. वाचायला एकदम कूल. पण तारीख बघा: बोर्डावर ही ओळ आली २००५ मध्ये. कर्टने ५ एप्रिल १९९४ ला, वयाच्या २७ व्या वर्षी, सिअ‍ॅटलच्या घरात आयुष्य संपवलं. म्हणजे त्याला आपलं म्हणायला गावाला ११ वर्षं लागली. २० फेब्रुवारी हा त्याचा वाढदिवस 'कर्ट कोबेन डे' म्हणून गावाने जाहीर केला तो थेट २०१४ मध्ये.

एवढा उशीर का? कारण प्रेम दोन्ही बाजूंनी बेताचंच होतं. कर्ट मुलाखतींमधून गावाबद्दल फारसं गोड बोलला नाही. आणि गावाच्या लेखी तो कोण होता? शाळा अर्धवट सोडलेला, भिंती रंगवून ठेवणारा पोरगा. ज्या हायस्कूलमधून तो पास न होता बाहेर पडला, तिथेच त्याने काही दिवस सफाई कामगार म्हणून काम केलं. त्यातून शेवट झाला ड्रग्ज आणि आत्महत्येत. लाकूडतोड्यांच्या कष्टकरी गावाला यात मिरवण्यासारखं काय वाटणार?

बघायला आलेल्यांचीही पंचाईत आहे. त्या शाळेची जुनी इमारत २००२ मध्ये जळाली. इतिहासाचं म्युझियम २०१८ मध्ये जळालं. उरलं लहानपणीचं घर. राज्याच्या वारसा यादीत ते २०२१ मध्ये आलं, पण बाहेरून बघाल तर शेजारच्या घरांसारखंच. आम्ही समोरच्या फुटपाथवर दोन मिनिटं थांबलो. दादा म्हणाला, "आमच्या मिरजेच्या घरासमोर कोणी असं थांबलं असतं तर बाबांनी चोर समजून हाकललं असतं."

मे १९९१

आता थोडा हिशेब, कारण आकड्यांशिवाय या गावाची गोष्ट पुरी होत नाही.

निर्वाणाचा पहिला अल्बम 'ब्लीच' जून १९८९ मध्ये आला. रेकॉर्डिंगचा खर्च ६०६ डॉलर आणि १७ सेंट! तेही खिशात नव्हते. जेसन एव्हरमन नावाच्या मित्राने दिले. अल्बममध्ये त्याने एकही सूर वाजवला नाही, तरी आभार म्हणून कव्हरवर त्याचं नाव गिटारिस्ट म्हणून छापलं गेलं.

मग १९९१ चा मे महिना. या एका महिन्यात तीन गोष्टी घडल्या आणि त्या एकमेकींना ओळखतही नव्हत्या. पहिली: कर्ट, त्याचा अ‍ॅबरडीनचाच दोस्त क्रिस्ट नोवोसेलिक आणि नवा ड्रमर डेव्ह ग्रोल लॉस एंजलिसच्या 'साउंड सिटी' स्टुडिओत 'नेव्हरमाइंड' रेकॉर्ड करायला बसले. दुसरी: 'बिलबोर्ड' मासिकाने अल्बमच्या चार्टसाठी साउंडस्कॅन पद्धत सुरू केली. तोवर दुकानदारांना काय खपलं ते विचारून यादी बनायची. म्हणजे काउंटरवरचा माणूस सांगेल ते खरं. आता बारकोडवरून प्रत्येक विक्री मोजली जाऊ लागली. मोठ्या नावांची पुण्याई संपली, कोपऱ्यातल्या पोरांनी घेतलेली कॅसेटही हिशेबात आली. तिसरी: सिअ‍ॅटलच्या कोर्टाने ठिपकेवाल्या घुबडाच्या रक्षणासाठी सरकारी जंगलांतल्या लाकडाच्या लिलावांना मनाई केली. मोठी जुनी झाडं आधीच संपत आली होती, गिरण्या यंत्रांवर गेल्या होत्या, नोकऱ्या कधीपासून गळत होत्या. पण अ‍ॅबरडीनसारख्या गावांना तो घाव वर्मी लागला.

२४ सप्टेंबरला 'नेव्हरमाइंड' बाजारात आला तेव्हा कंपनीने अमेरिकेत सुमारे ४६ हजार कॉपीज पाठवल्या होत्या. चार्टवर पहिली एन्ट्री १४४ व्या नंबरवर. मग एमटीव्हीवर 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'चा व्हिडिओ वाजायला लागला आणि ११ जानेवारी १९९२ च्या यादीत अल्बम पहिल्या नंबरवर पोचला. खाली कोण ढकललं गेलं? मायकल जॅक्सन, 'डेंजरस'सकट! गंमत म्हणजे ते सुपरहिट गाणं सिंगल्सच्या 'हॉट १००' मध्ये सहाव्या नंबरच्या वर कधी गेलंच नाही, आणि त्यांचं दुसरं कुठलंही गाणं पहिल्या दहातही आलं नाही. लोकांनी आख्खे अल्बम घेतले. 'नेव्हरमाइंड'च्या जगभरात तीन कोटींच्या आसपास कॉपीज खपल्या. १९९३ चा 'इन यूटेरो' थेट एक नंबरवर उतरला. कर्ट गेल्यानंतर १९९४ चा 'एमटीव्ही अनप्लग्ड' आणि १९९६ चा लाइव्ह अल्बम, तेही एक नंबर.

या सगळ्यातून अ‍ॅबरडीनला काय मिळालं? एकही गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. मेन स्ट्रीटवरच्या रिकाम्या दुकानांच्या काचांत आम्हाला आमचीच प्रतिबिंबं दिसत होती.

पुलाखाली

त्या १९९६ च्या लाइव्ह अल्बमच्या नावात विश्का नदीचा चिखल आहे. 'विश्का' हा इथल्या आदिवासी चेहेलिस लोकांचा शब्द, अर्थ साधारण 'वास मारणारं पाणी'. यंग स्ट्रीटच्या पुलाखाली, कर्टच्या घरापासून दोन पावलांवर, ती मातकट पाण्याने वाहते. कर्ट म्हणायचा की घर सोडल्यावर तो या पुलाखाली झोपायचा. 'समथिंग इन द वे' हे गाणं त्यावरच आहे. क्रिस्टने नंतर सांगितलं की तो तिथे टाइमपास करायचा हे खरं, पण राहणं शक्यच नव्हतं. भरती आली की तिथे पाणी चढतं. आम्ही बघितलं, क्रिस्टचं पटलं. चिखलावर पाण्याची रेघ स्पष्ट दिसत होती.

पण लोक पटवून घ्यायला येतच नाहीत. पुलाखालचं काँक्रीट जगभरच्या लोकांनी लिहिलेल्या निरोपांनी भरलं होतं. जपानी, पोर्तुगीज, स्पॅनिश, कसली कसली अक्षरं. शेजारी स्थानिक लोकांनी हौसेने उभी केलेली छोटीशी बाग आणि एक मोठी गिटार. तिकीट नाही, गाइड नाही, सुव्हेनिअर शॉप नाही. ज्या गाण्यासाठी हे सगळे इथे येतात, ते गाणं २०२२ मध्ये 'द बॅटमॅन' सिनेमात वाजलं आणि रिलीजनंतर तब्बल साडेतीस वर्षांनी 'हॉट १००' च्या यादीत शिरलं. तेव्हा ते डाउनलोड करणाऱ्यांत कित्येक जण कर्ट गेल्यानंतर जन्मलेले होते.

आपल्यातले बहुतेक जण कुठून तरी निघून आलोय. मिरज, लातूर, चाळीसगाव. ऑफिसच्या पार्टीत आपण गावाची टिंगल करतो आणि कोणी दुसऱ्याने केली की चिडतो. कर्टने तेच केलं, फक्त तीन कोटी लोकांसमोर. तो गावातून बाहेर पडला, पण त्याच्या गाण्यांत नदी अ‍ॅबरडीनचीच राहिली. आणि ज्या गावाला तो नकोसा होता, ते आज त्याच्या शब्दांत पाहुण्यांचं स्वागत करतं. हा समेट बघायला तो असता तर काय म्हणाला असता, कोण जाणे. तो २७ वर्षांचा होता. मी आता त्याच्याहून मोठी आहे.

परतताना दादाने स्वतःहून 'अनप्लग्ड' लावलं. ऑलिंपियापर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

जायचंय?

कसं जाल: सिअ‍ॅटलहून गाडीने साधारण दोन तास. गाडी नसेल तर ऑलिंपियाहून ग्रेज हार्बर ट्रान्झिटची बस मिळते.

कधी जाल: कोरडं हवं तर जुलै-ऑगस्ट. खरं अ‍ॅबरडीन हवं तर ऑक्टोबर आणि चांगलं जॅकेट.

आणखी काय: समुद्रासाठी वेस्टपोर्ट, जंगलासाठी लेक क्विनॉल्ट. दोन्ही एका वीकएंडमध्ये बसतात.

लक्षात ठेवा: घरांच्या आसपास लोक राहतात. फोटो रस्त्यावरूनच काढा.