‘ऑलरेडी कनेक्टेड’!

करबुड्याचा बोगदा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय, म्हणजे त्यातला अंधार पाहिलाय. उक्षी आणि भोके स्टेशनांच्या मधला, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. एक गाडी गेली की तो बुजवायचा आणि पुढच्या गाडीसाठी नवा खणायचा, असं कोणी सुचवलं तर आपण हसू. पण आपल्या लॅबमधले कितीतरी प्रोग्राम नेमकं हेच करतात बरं का!

माझ्या रूममेटचा मिनी प्रोजेक्ट घ्या. तिच्या घरची पावसला हापूसची बाग आहे. मोहोरावर फवारणी केली आणि तासाभरात पाऊस आला, की औषधही गेलं नि मजुरीही. म्हणून पावसपासून जयगडपर्यंतच्या ४० गावांचा अंदाज परदेशातल्या एका सर्व्हरकडून आणून बाबांना दाखवायचा, अशी तिची कल्पना.

आता सुरक्षित कनेक्शन म्हणजे आधी हँडशेक. (हस्तांदोलन म्हटलं की मला बक्षीस समारंभच आठवतो.) टीसीपीची एक फेरी, टीएलएस १.२ च्या दोन. २०१८ साली आलेल्या १.३ मध्ये दोनाची एक झाली. एका फेरीला पाव सेकंद धरा. जुन्या पद्धतीने ४० गावांसाठी नुसत्या ओळखपाळखीतच ३० सेकंद गेले, हवामानाचा अजून पत्ता नाही!

म्हणून तिने एकच एचटीटीपीएस-यूआरएल-कनेक्शन ऑब्जेक्ट लूपमध्ये फिरवलं. जावाने ठणकावलं : ‘ऑलरेडी कनेक्टेड’. ती वैतागली, “अगं, जोडलेलं आहे तर वापरू दे ना!”

तिचं म्हणणं रास्त होतं, पण ते ऑब्जेक्ट म्हणजे तिकीट, बोगदा नव्हे. तिकीट एका प्रवासापुरतं. खालचं सॉकेट मात्र जावा स्वतःच राखून ठेवते, एका सर्व्हरसाठी रिकामी अशी पाचपर्यंत. अट एवढीच, की आलेलं उत्तर शेवटपर्यंत वाचून स्ट्रीम बंद करायचा. आणि प्रत्येक वेळी शहाण्यासारखं डिस्कनेक्ट म्हणायचं नाही!

तेवढं करूनही वेग वाढेना. खरी गंमत इथे होती. प्रत्येक गावासाठी ती नवा एसएसएल-कॉन्टेक्स्ट आणि नवी सॉकेट फॅक्टरी बनवत होती. कोणत्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा, हे त्यातच ठरतं. फॅक्टरी वेगळी म्हणजे विश्वासाच्या अटीही वेगळ्या असू शकतात, म्हणून जावा जुनं सॉकेट हातीच देत नाही. जुन्या सेशनची ओळखही त्या कॉन्टेक्स्टबरोबरच जाते. मला हा हट्ट मनापासून पटतो. सीनियर्सकडून हॉस्टेलभर फिरणारा ‘कुठलंही सर्टिफिकेट चालेल’वाला कोड मात्र अजिबात पटत नाही. खोटा अंदाज झटकन आला, तर बाबांनी त्यावर पंप भरायचा?

कॉन्टेक्स्ट आणि फॅक्टरी दोन्ही लूपच्या बाहेर एकदाच बनवली. दर तासाला प्रोग्राम चालतो तेव्हा नवा हँडशेक होतोच, कारण तासभर कुठला सर्व्हर ताटकळत बसेल? पण तो होतो एकदा. बाकीची ३९ गावं त्याच बोगद्यातून येतात.