आत्तींचा डबा

आमच्या आत्तींचा एक पितळी डबा होता. होता म्हणजे अजूनही आहे. पण त्याचं पूर्वीचं राज्य गेलं. कोठीच्या खोलीत, हरभऱ्याच्या डाळीच्या मोठ्या डब्यामागे तो असायचा. मी लग्न होऊन बेळगावात आले, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. पहिली दहा-बारा वर्षं तरी त्या डब्यात लवंग-वेलदोडे असतात, असंच मी समजत होते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्याचं टीव्हीवर ऐकलं आणि आत्ती गप्प झाल्या. दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तो डबा त्यांनी जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. आत पाचशेच्या सेहेचाळीस आणि हजारच्या दोन नोटा होत्या. म्हणजे पंचवीस हजार रुपये. सगळे हसले. "आमच्या घरातच बँक होती की!" असं आमचे हे म्हणाले. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या हसल्या नाहीत.

रात्री भांडी आवरताना मला म्हणाल्या, "पैसे जाणार नाहीत गं. बँकेत भरले की झालं. पण आता सगळ्यांना कळलं की."

त्या पैशांतून काय काय झालं होतं, ते मला तेव्हा हळूहळू समजलं. भाचीची कॉलेजची फी, विधवा चुलतजावेच्या डोळ्याचं ऑपरेशन, घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीची सायकल. कुणाला विचारलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींकडे असा डबा होता, ते मी विचारणार नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आपल्या आयांकडे होता, आज्यांकडे होता.

पैसे बँकेत गेले. खातं आत्तींच्याच नावाचं. पण खात्याला जोडलेला मोबाईल नंबर मुलाचा. त्यांनी पाचशे रुपये जरी काढले, तरी मेसेज ह्यांच्या फोनवर वाजायचा. संध्याकाळी घरी आल्यावर हे सहज विचारायचे, "आई, आज दोन हजार कशाला काढलीस?" विचारणं प्रेमाचंच. पण उत्तर द्यावं लागायचं. हळूहळू आत्तींनी पैसे काढणंच बंद केलं.

तोवर बाहेरचं जग पुढं धावत होतं. यूपीआय २०१६ च्या एप्रिलमध्येच सुरू झालं होतं. नोटबंदीनंतर ते चहाच्या टपरीपर्यंत पोचलं. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी रात्रंदिवस चालू झालं आणि पुढच्या वर्षी, १४ डिसेंबरपासून आरटीजीएससुद्धा. पैसे पाठवायला आता रविवार नाही, दिवाळीची सुट्टी नाही. आम्हां सीमाभागातल्या लोकांना १९५६ पासून हद्द म्हणजे काय ते पुरतं माहीत आहे. आमची भाजी रोज चोर्ला घाटातून गोव्याला जाते. पूर्वी तिचे पैसे गाडीबरोबर परत यायचे, आता गाडी घाट चढायच्या आत फोनवर येतात.

हे सगळं मी पेपरात वाचत होते. त्याचा खरा अर्थ मला कळला तो एका रात्री.

२०२३ चा जुलै. पाऊस कोसळत होता. रात्री दीडच्या सुमारास आत्ती न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हे लग्नाला गोव्यात, फोन लागत नव्हता. हॉस्पिटलात पन्नास हजार भरायला सांगितले आणि माझ्या खात्यात होते अकरा हजार. मी सिंगापूरला मुलीला फोन लावला. तिथं पहाटेचे चार वाजले होते. ती म्हणाली, "आई, तुझा यूपीआय आयडी सांग, आणि फोन ठेव."

मिनिटभरात पैसे माझ्या खात्यात! शनिवारची रात्र, दोन्ही देशांतल्या बँकांना कुलपं. मागून तिनं समजावलं. तिथल्या पेनाऊ नावाच्या पद्धतीशी आपलं यूपीआय त्याच वर्षी फेब्रुवारीत जोडलं गेलं होतं. दिवसाला साठ हजार रुपयांपर्यंत पाठवता येतात आणि पाठवण्याआधी घेणाऱ्याचं नावही दिसतं. मला आठवलं, मामंजी आजारी होते तेव्हा मुंबईच्या दिरांनी तारेनं मनिऑर्डर केली होती. मधे रविवार आला. पैसे तिसऱ्या दिवशी हातात पडले.

ऑपरेशन झालं. आत्ती घरी आल्या, वॉकर धरून चालू लागल्या. एका दुपारी मी फोनवर विजेचं बिल भरत होते.

"त्यात काय बघुलालीस गं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "त्या रात्री पोरीनं पैसे पाठवले, ते सरळ तुझ्याकडं आले. मधे कुणाला विचारलं?"

"कुणालाच नाही, आत्ती."

"मग मला पण तसंच पाहिजे."

त्यांचा तो हट्ट पुढं वर्षभर चालला. २०२४ च्या दिवाळीत ह्यांनी तोडगा काढला. यूपीआय सर्कल नावाची नवी सोय आली होती. मुलाच्या खात्यातून आईनं खर्च करायचा. मर्यादा मुलानं ठरवायची किंवा प्रत्येक वेळी त्यानं होकार द्यायचा. "आई, तुला काही करायलाच नको. तू फक्त माझ्या सर्कलमध्ये ये." परगावच्या मुलांसाठी, खरंच काही जमत नाही अशा वडीलधाऱ्यांसाठी ही सोय चांगलीच आहे. पण आत्तींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या पैशाला मी काय कमी पडू दिलंस असं म्हणत नाही रे. पण मागून घ्यायचं वय माझं संपलं. माझं खातं आहे की. मला माझंच दे."

हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात तेच आम्हांला रिक्षातून बँकेत घेऊन गेले. खात्यावरचा नंबर बदलायचा अर्ज आत्तींनी सही करून दिला. नवा नंबर त्यांचा स्वतःचा, फोन बटणांचा. मोठ्या फोनवर बोट सरकवणं त्यांना जमत नाही. पण साध्या फोनवरूनही यूपीआय चालतं. २०२२ मध्ये ८ मार्चला, म्हणजे नेमक्या महिला दिनाला, रिझर्व्ह बँकेनं ती सोय सुरू केली. नंबर फिरवायचा, आवाज सांगेल तशी बटणं दाबायची, ज्याला द्यायचे त्याचा मोबाईल नंबर, रक्कम आणि शेवटी पिन. इंटरनेट लागत नाही. पिन पहिल्यांदा ठरवायला डेबिट कार्ड लागलं, तेवढंच. आकडे घालताना मी मान फिरवली. शिकवताना एकच गोष्ट दहादा सांगितली : पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, कुणी "पैसे येणार आहेत, पिन घाला" म्हणालं की फोन ठेवायचा.

"एवढं मला कळतं. डबा पण मी कुणापुढं उघडत नव्हते," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. बाजारात मेथीची जुडी घेते. टोपलीजवळ चौकोनी ठिपक्यांचा कागद असतो, पैसे गेले की छोटी पेटी कन्नडमध्ये रक्कम ओरडते. मी विचारते, "मावशी, हे पैसे कुणाच्या खात्यात जातात?" बऱ्याच वेळा उत्तर येतं, "पोराच्या." कुणी म्हणतं, "मालकाच्या." पूर्वी दिवसभराची चिल्लर तिच्या कमरेच्या पिशवीत असायची, घरी किती न्यायची आणि पोरीच्या वहीसाठी किती बाजूला काढायची, ते ती ठरवायची. आता भाजी तिची, उन्हात बसणं तिचं आणि पैसा मात्र तिला न शिवताच घरी पोचतो. सिंगापूरहून बेळगावला एका मिनिटात पैसा येतो. टोपलीपासून त्या बाईच्या हातापर्यंतचं अंतर मात्र अजून बाकी आहे. ते यंत्रानं कमी होणार नाही. तिच्या नावाचं खातं आणि त्याला तिचाच नंबर, एवढं तरी आपण एकमेकींना करून देऊ शकतो. एक सकाळ मोडते, बाकी काही नाही.

परवा दुपारी आत्ती झोपाळ्यावर बसून बटणं दाबत होत्या. मला बघून फोन थोडा पदराआड गेला. कुणाला पाठवत होत्या, किती, मला माहीत नाही. हे घरीच होते. त्यांच्या फोनवर काही वाजलं नाही.

डबा अजून डाळीच्या मागेच आहे. पावसाळ्यात रेंज जाते, म्हणून त्यात शंभराच्या दहा नोटा असतात. मी चहा टाकायला आत निघून गेले.