कडेचें प्यादें

अलिबागेस आमच्या हौशी बुद्धिबळ मंडळाची बैठक दर रविवारीं सायंकाळीं भरते. गेल्या पावसाळ्यांत तेथें माझा व माझ्या वडील चुलतबंधूंचा, म्हणजे दादांचा, एक डाव झाला. एरवीं त्यांत सांगण्यासारखें कांहीं नव्हतें. परंतु नागांवच्या वाडीच्या वांटणीवरून आम्हां दोघांत तीन महिने बोलणें नव्हतें. वाद कुंपणालगतच्या एका चिंचोळ्या पट्टीचा. तींत नारळाचीं झाडें अवघीं पांच! मंडळांत जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात, आणि त्या दिवशीं माझ्या वांट्यास नेमके दादाच आले.

मोहरीं भराभर मारलीं गेलीं. अखेरीस दादांजवळ एकटा राजा उरला. मजजवळ राजा आणि हत्तीच्या पट्टींतील कडेचें एक प्यादें. जुन्या देशी खेळांत येथेंच 'बुर्जी' झाली म्हणून पट आवरीत. मला मात्र त्या प्याद्याचा वजीर करावयाचा होता! पण दादांचा राजा आधींच कोपऱ्याच्या घरांत जाऊन बसला होता. प्यादें मधल्या पट्टींतलें असतें, तर दुसऱ्या बाजूनें शिरून त्याला हुसकावतां आलें असतें. कडेच्या प्याद्याला दुसरी बाजूच नसते. प्यादें सातव्या घरांत पोंचलें. राजा त्याच्या पाठीशीं न न्यावा, तर तें जातें. नेला, तों दादांच्या राजाला शह नाहीं आणि चालही नाहीं. जिच! डाव बरोबरीत सुटला.

वर्तमानपत्रांत जिच म्हणजे अडून बसलेलें भांडण. पटावर मात्र तिनेंच भांडण संपतें. २०२५ सालीं बाटुमी येथें महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिचे कोनेरू हंपी यांच्याशीं पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. पुढें जलद डावांत दिव्या जिंकली व ग्रँडमास्टर झाली. तेथें कोणी तरी जिंकणें भागच होतें. आम्हां भावांना कोणता चषक मिळावयाचा होता?

मोहरीं पेटींत भरतांना दादा म्हणाले, "तुझें एक प्यादें जास्त होतें रे."

"होतें दादा, पण कडेचें."

तीन महिन्यांनीं आम्ही बोललों तें एवढेंच. पट्टीची मोजणी अद्याप झालेली नाहीं. त्या श्रावणांत पांचही झाडांचे नारळ उतरवून ओटीवर दोन ढीग केले. एक नारळ उरला. तो वहिनींनीं नारळी पौर्णिमेस समुद्राला अर्पण केला.