मुसळधार आणि कुत्री-मांजरं

८ जुलै
सकाळपासून झोडपतोय. एलबीएस रोडवर पाणी, तरी मुलुंडच्या क्लासला दहावीची निम्मी पोरं आली. गाइडातली इंग्रजी वाक्प्रचारांची यादी काढली. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे मुसळधार पाऊस. एकीने विचारलं, “सर, मुसळ म्हणजे?” झालं! मिक्सरच्या घरात वाढलेल्या पोरीला मुसळ तितकंच परकं, जितकी ती कुत्री-मांजरं. उखळात दणादण आदळणारं ते लाकूड हातवारे करून दाखवलं. कुत्री-मांजरं जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या पुस्तकातही आहेत. मग २६ जुलै २००५ सांगितली: सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. त्या पावसापुढे दोन्ही भाषा तोकड्या.

१० जुलै
आज ‘टर्न अ ब्लाइंड आय’. कोपनहेगनची आरमारी लढाई, १८०१. वरिष्ठाने माघारीची खूण केली. इंग्रज आरमारी सेनानी नेल्सनने दुर्बीण अधू डोळ्याला लावली आणि खूण दिसतच नाही म्हणाला. गोष्टीला पुढे तिखटमीठ लागलं असणार, पण सांगायला झकास. मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे कानाडोळा केला!” यात कान कुठून आला, विचारलं तर सगळे गप्प. फळ्यावर सुटं करून लिहिलं: काणा डोळा. नेल्सनचाच की! वर्ग खिदळत सुटला. आता हा वाक्प्रचार कोणी जन्मात विसरणार नाही.

११ जुलै
सुटी. मॅनवेअरिंग पाद्रीसाहेबांचा मराठी म्हणींचा संग्रह चाळला. १८९९, ऑक्सफर्डचा छाप. आपल्या म्हणी आणि खाली इंग्रजी अर्थ. साहेबालाही गाइड लागलंच म्हणायचं.

१३ जुलै
एका मुलीच्या पालकांचा फोन. “सर, रोज वीस ईडियम पाठ करून घ्या, पुढे इंटरव्ह्यूत उपयोगी पडतील.” मला हे मुळीच पटत नाही. मागे एका पोराने सांत्वनाच्या पत्रात मित्राच्या आजोबांना ‘किक्ड द बकेट’ करून टाकलं होतं. गाइडातला अर्थ बरोबर होता, ‘मरण पावणे’. पण आजोबा ‘वारले’ म्हणायचं की ‘गचकले’, हे गाइड कुठे सांगतं? ते कळतं वाचून, ऐकून.

फोनवर सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो: वाचताना शंभर ओळखू यावेत, बोलताना दोन-चार पुरेत. त्या वीसांच्या यादीऐवजी घरी येणाऱ्या इंग्रजी पेपरातली एक बातमी पोरीकडून रोज मोठ्याने वाचून घ्या.